ऑर्वल, मला विक!

मी पिकअप ट्रक बोलतोय. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या ऑर्वल स्टेनक्विस्टचा लाडका ट्रक. लाडाचा जाच कसा असतो, ते मला विचारा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी साधासुधा होतो. मागे दोनच चाकं, पेट्रोलचं इंजिन, बेताचा कणा. गवताचे भारे नि कुंपणाचे खांब मी आनंदाने वाहिले. ऑर्वलची लेक जॉर्जीन माझ्यावरच गाडी शिकली. माझा उजवा गाल अजून चेपलेला आहे. रविवारी ऑर्वल मला धुवायचा आणि बेसूर गायचा. तरी बरं वाटायचं.

मग तो निवृत्त झाला. बायको लव्हॉन म्हणाली, "घर विकू, चाकांवरचं घर घेऊ, थंडीत उबदार ॲरिझोनाला जाऊ."

ते घर आलं. बापरे! झोपायची खोली, ओव्हन, शेकोटीसुद्धा! असलं घर मागच्या हुकाला अडकवत नाहीत. त्याची मान थेट ट्रकच्या हौद्यात टेकते. म्हणजे ओढायचं वेगळं आणि पाठीवर पेलायचं वेगळं. पण ऑर्वल गावभर सांगत सुटला, "माझा गडी सहज ओढेल!" अरे, ओढेन रे! पाठीचं काय?

घर टेकवताच माझं बूड बसलं आणि नाक आभाळाकडे गेलं.

"ऑर्वल, हा गुडघे टेकतोय," लव्हॉन म्हणाली. "मागे चार चाकांचा, डिझेलचा घेऊ."

"जाड स्प्रिंगा बसवतो की. इतक्या वर्षांचा सोबती कुणी बदलतं का?"

"माझा विचार चालू आहे," लव्हॉन त्याच्याकडे बघत म्हणाली.

स्प्रिंगा बसल्या. बूड उचललं, ओझं तेवढंच राहिलं. पट्ट्याने पोट आवळलं म्हणून माणूस बारीक होतो का? पण सांगणार कोणाला!

बिगहॉर्न डोंगराच्या उतारावर व्हायचं ते झालं. मागचं घर मला ढकलू लागलं. ब्रेक तापून जळका वास सुटला, पेडल खाली जाऊ लागलं. पुढे गुरांनी भरलेला ट्रक रेंगाळत होता.

"गियर खाली घे!"

"घेतलाय!"

उजवीकडे ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी खडीची वाट होती. ऑर्वलचा हात क्षणभर अडखळला. कशासाठी? माझं पोट खरवडेल म्हणून! लव्हॉनने स्टीअरिंग धरून ओढलं आणि आम्ही धडधडत खडीत रुतलो.

धूळ बसल्यावर लव्हॉन हळू आवाजात म्हणाली, "तुला ट्रकची काळजी. माझी कोण करणार?"

ऑर्वल खाली उतरून खडीत बसला. "घर गेलं, गोठा गेला. ओळखीचं एवढंच उरलं होतं गं," म्हणाला आणि रडला. लव्हॉन त्याच्याजवळ बसली. "आणि मी कोण? पाहुणी?"

मग मात्र त्यांनी शहाण्यासारखं केलं. सामान, पाणी सगळं भरून घर वजनकाट्यावर नेलं. हौद्यात किती भार येतो ते बघितलं. त्यात दोघं स्वतः, त्यांचा कुत्रा, घर अडकवायचा लोखंडी सांगाडा, सगळं धरलं. तेवढं पाठीवर पेलून वर थोडा दम उरेल, असा ट्रक शोधला. मागे चार चाकांचा, रुंद पाठीचा, चिखलाच्या रंगाचा. लव्हॉनने रंगाकडे बघितलंही नाही.

मला जॉर्जीनने ठेवून घेतलं. हल्ली मी तिच्या मधमाश्यांच्या पेट्या वाहतो. त्या जाड स्प्रिंगा निघाल्या, पाठ मोकळी झाली.

तुम्हीही कधी ट्रक घ्यायला जाल. सीट दाबून बघाल, गाणी वाजवून बघाल. बघा बापडे. पण आधी त्याला विचारा, बाबा रे, तुझ्या पाठीला किती झेपेल? आणि नाहीच झेपणार, तर माया म्हणून लादू नका.

दोघं ॲरिझोनाला निघाली त्या दिवशी ऑर्वलने माझ्या चेपल्या गालावर हात ठेवला. ते लांबलचक घर जॉर्जीनच्या फाटकातून सरळ, न डुलता बाहेर पडलं. मला हॉर्न वाजवायचा होता. माझा मला कुठला वाजवता येतो? जॉर्जीनने वाजवला.