शेतावर पाणी सोडलं

"सोडलं हो पाणी शेतावर, तुमच्या रामस्वामींनी," अनय हेल्मेट काढता काढता म्हणाला आणि हात धुवायला गेला. रात्रपाळी करून आला होता बिचारा, डोळे नुसते मिटत होते.

फोडणी तडतडत होती, तरी तुळजाबाईंनी नेमकं ऐकलं. पळी कढईत तशीच टाकून त्या दारात आल्या. "खरंच की काय रे? तू बघितलास?"

"रस्त्यावरच आहे ना शेत. त्यांच्या मुलानंच सांगितलं."

"पेरुमाळ देवाची कृपा रे बाप्पा! कोणी उठू नका. आज केसरी करते."

नाश्त्याला बसलेल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कसला सण आहे, कुणाला कळेना. पण फुकटच्या गोडाला नाही कोण म्हणतो?

घोटाळा झाला तो इथेच. तुळजाबाईंचं मराठी तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात मुरलेलं. पाणी सोडलं म्हणजे त्यांच्या लेखी मोटर लावली, पाट वाहिला, वाफा भिजला. अनय सांगलीचा. त्याच्या बोलण्यात एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे ती गेली समजून हात झटकणं. शेतात आणि शेतावर, फरक एवढाच. तेवढा एक प्रत्यय बाईंच्या कानातून निसटला.

दोन हजार तीन साल होतं. पावसानं दगा दिलेला, चेन्नईचे तलाव कोरडे ठणठणीत. शोळिंगनल्लूरला काचेची ऑफिसं मात्र भराभर उगवत होती. त्यांत काम करणारी मराठी पोरं तुळजाबाईंच्या घरात वर राहायची, खाली जेवायची. आणि बाईंचा जीव अडकला होता पलीकडच्या रामस्वामीच्या शेतातल्या एका वाफ्यात. त्यांच्या माहेरचा बारीक, वासाचा किच्चिली सांबा तांदूळ. माहेरी सगळे केव्हाच नव्या बियाण्याकडे वळले होते. रामस्वामी तेवढा दरवर्षी एक तुकडा त्यांच्यासाठी लावायचा. गेल्या वर्षीचं पीक करपलं, म्हणून उरलंसुरलं सगळं बी बाईंनी या वेळी वाफ्यात टाकलं होतं. डब्यात मूठभरही मागे ठेवलं नाही. ही रोपं गेली की बी संपलं, कायमचं.

उन्हं कलल्यावर केसरीचा डबा घेऊन त्या शेतावर गेल्या. लांबूनच मोटरचा आवाज आला आणि त्यांचे पाय आपसूक भरभर पडायला लागले.

मोटर चालू होती, पाणीही वाहत होतं, पण जाड नळीतून टँकरच्या पोटात! मागे आणखी टँकर उभे होते. वाफ्याला भेगा पडल्या होत्या आणि रोपं हळदीसारखी पिवळी झाली होती.

रामस्वामी ताडाखाली बसला होता. बाईंना बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

"पाणी सोडलं म्हणून ऐकलं मी," बाई तमिळमध्ये म्हणाल्या. "कुठे सोडलंस?"

"विहीर आता टँकरला दिली, अम्मा. मुलानं ठरवलं. शेत बंद."

"आणि माझं बी?"

"पाऊस आला असता तर..."

"पावसाचं नाव घेऊ नकोस! पाणी आहे की, माझ्या डोळ्यांदेखत चाललंय! एक वाफा रे, एक वाफा भिजवायला काय झालं होतं तुला?"

"मुलगा म्हणतो, तांदूळ रेशनवर मिळतो. पाणी कुठे मिळतं?"

"आणि रेशनचा तांदूळ काय आभाळातून पडतो? तोही कुणाच्या तरी विहिरीवरच पिकतो ना? उद्या तिथेही टँकर लागले म्हणजे काय खाशील, नळी?"

रामस्वामी खाली मान घालून म्हणाला, "मला काय बोलता, अम्मा? हा टँकर तुमच्याच घरी जातो."

तेवढ्यात टँकरच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओळखीचं हसला. "वणक्कम, अम्मा! अंधार पडायच्या आत येतोच."

तुळजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाला धरून बदडावं तेच कळेना. पोरं वर तीन-तीन बादल्या ओतून घेतात, दाढी होईपर्यंत नळ वाहता ठेवतात, आणि आपण ऐकूनही गप्प बसतो! डबा बांधावर आदळून त्या वाफ्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी रोपं उपटायला लागल्या. जमिनीनं ती धरूनच ठेवली नव्हती. ओढायच्या आधीच हातात येत होती. रामस्वामी "अम्मा, अम्मा" करत राहिला. बाईंनी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी पोरं जेवायला बसली. बाईंनी प्रत्येकाच्या ताटात रोपांची एकेक जुडी टाकली, मुळांच्या मातीसकट.

"मावशी, हे काय?" अनयनं विचारलं.

"भात."

"भात?"

"हो की. तुमच्यात शेतातल्यालाही भात, ताटातल्यालाही भातच म्हणतात ना? जेवा."

अनयच्या शेजारचा संजीव हसायला गेला आणि बाईंचा चेहरा बघून थांबला.

"अहो मावशी, मी सकाळी तेच तर सांगितलं..."

"सांगितलास की! आणि मी वेडी केसरी करत बसले! माझ्या माहेरचं बी होतं रे ते. सगळं गेलं. तुमच्या शॉवरला गेलं, आणि माझ्या भांड्यांना गेलं. माझ्याच टाकीत पडतंय ना ते पाणी? मग मला नको लाज?" त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि त्या आत गेल्या.

पोरांना वाटलं, आज उपासच. पण बाई पातेलं घेऊन बाहेर आल्या. दुकानातल्या तांदळाचा भात होता, रोजचाच. एकेकापुढे उभं राहून त्या वाढायला लागल्या. कुणाला कमी घातला नाही.

ताटात जागा करायची म्हणून पोरांनी जुड्या उचलल्या. खाली ठेवायचा धीर कुणाला झाला नाही. सगळे डाव्या हातात रोपं धरून जेवले.