झुकून उमटलेला शिक्का

मित्रांनो, बोटभर उंचीचा, पिवळसर लाकडाचा मी एक जुना शिक्का आहे. जपानमधल्या कोफू गावच्या एका वृद्ध कारागिराने माझ्या तळाशी ‘मिकुरिया’ हे आडनाव कोरले. मिकुरिया हे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या त्रैमासिकाचे संपादक. माझा लाल ठसा उमटला की निबंध छापण्यास योग्य ठरे. आरंभी संपादक प्रत्येक निबंध दोनदा वाचत, कोष्टके स्वतः पडताळत आणि मगच मला उचलत. तेव्हा मला माझा अभिमान होता. आता किळस येते.

पुढे ते अकरा समित्यांवर गेले. काम अडू नये म्हणून मी कोबायाकावा या कारकुनाच्या खणात आलो. संत्र्याच्या फोडी चघळत तो मला कागदांवर दाबी, तेही रीतसर. म्हणजे शेजारच्या, अकादमीच्या अध्यक्षांच्या शिक्क्याकडे किंचित कलवून, नमस्काराला वाकल्यासारखे. विद्वत्तेला पाठीचा कणा असतो, असे मी ऐकून होतो. आमच्या कागदांवर तो सदैव तिरपा दिसे.

असाच एके दिवशी अध्यक्ष हाताकेयामा यांचा निबंध माझ्याखालून गेला. सरोवर स्वच्छ आहे, तिथले शिंपले खाण्यास निर्धोक आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. अकादमीतल्याच चिझुरू सोनोबे या तरुण संशोधिकेने तो वाचला. तिचे वडील त्याच सरोवरात शिंपले काढत. निबंधातले आकडे सात वर्षांपूर्वीच्या अहवालातून दशांशासकट उचललेले होते. तिच्या मोजणीत विषारी कॅडमियम निबंधातल्यापेक्षा चौपट भरले. तिने एका पानाची दुरुस्ती लिहिली. शिंपल्यांच्या हंगामाला पंधरवडा उरला होता.

मिकुरिया स्वतः आले. सहा वर्षांनी त्यांनी मला हातात घेतले. दुरुस्ती त्यांनी दोनदा वाचली. मी हरखलो.

“आकडे बरोबर आहेत तुझे.”

“मग छापा ना, सेन्सेई!”

“अगं, पुढच्या महिन्यात हाताकेयामांचा सत्कार आहे. आत्ताच कशाला शोभा करायची? शरद अंकात बघू.”

“तोवर गावानं विष खायचं?”

“आवाज खाली. अजून कायम व्हायचीयेस तू.”

आणि ‘पुढे ढकलावे’ या चौकटीत त्यांनी मला दाबले. अदबीने, कलवून. न वाचता उमटणे हेच पाप, असे मी इतकी वर्षे मानत होतो. किती भोळा होतो मी!

चिझुरूने कोबायाकावाच्याच टेबलावरून फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर येत होता.

“बाबा, यंदा शिंपले काढू नका. निबंध खोटा आहे. मी स्वतः मोजलंय.”

“असं कसं पोरी? चांगले तीन शिक्के आहेत त्याच्यावर. आम्ही मच्छीमार सोसायटीत चौकट करून लावलाय. तुझ्या कागदावर आहे का एखादा मंजुरीचा?”

“नाही.”

“मग लोकांना काय सांगू? माझी पोरगी म्हणते म्हणून? बरं, ते राहू दे. तुझ्या भावाच्या बाळाला यंदा पहिल्यांदा शिंपल्यांचं सूप भरवायचंय. आत्यानं यायलाच हवं हं.”

मित्रांनो, जुन्या वस्तू अखेरीस ‘आम्हांला जपा’ अशी विनवणी करतात. मला जपू नका. मला चुलीत घाला. आणि ते सूप बाळाच्या ओठांशी जाण्यापूर्वी कोणीतरी ती चौकट उतरवा, चिझुरूचे कोष्टक वाचा.