गार्लंडची ओळख मी करून दिली

आमच्या खोऱ्यात स्वतःला रिपब्लिकन म्हणवणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणं होतं, तेव्हापासून मी पक्षाचं काम करतेय. गेल्या खेपेला गव्हर्नरपदासाठी गार्लंड मॅडॉक्सविरुद्ध उभी राहिले आणि सपाटून आपटले. तो डेमोक्रॅट, सगळं खोरं डेमोक्रॅट. माझा नवरा ऑर्विल खाणकामगार, तोही जन्माचा डेमोक्रॅट. पण मत मला देईन म्हणाला होता.

यंदा गार्लंडला पाणी पाजायचंच म्हणून मी कंबर कसली, आणि हा पठ्ठ्या उठून आमच्याच पक्षात आला!

एप्रिलमध्ये अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये पक्षाचं दरवर्षीचं रानलसूण-बटाट्यांचं जेवण होतं. जेवणानंतर हात वर करून ठरणार होतं, गव्हर्नरपदासाठी जिल्ह्याचा पाठिंबा त्याला की मला. लसूण मी निवडला, बटाटे मी तळले. मिठ्या मात्र त्याला, आणि मधली खुर्चीही त्यालाच. माझा नुसता जळफळाट चालला होता.

जिल्हाध्यक्ष लीलंड म्हणाला, "व्हर्ना, पाहुण्याची ओळख तूच करून दे. रिवाजाप्रमाणे जरा खेच त्याची."

"खेचते की!"

उठले आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. "गार्लंडला मी शाळेपासून ओळखते. बेसबॉलमध्ये हरायला लागला की हा समोरच्या संघाची टोपी डोक्यावर चढवायचा. याचे रस्ते निवडणुकीआधी सुरू होतात आणि मेव्हण्याच्या दारात संपतात. पक्ष बदलताना याला लाज वाटली नाही, कारण ती तो जुन्या पक्षातच विसरून आलाय!"

शब्द न् शब्द खरा होता. पण हॉल खो खो हसत होता, माझ्याबरोबर जेवायला आलेला ऑर्विलसुद्धा. मी जितकी चावत होते, तितके ते टेबलं बडवत होते. गार्लंडच्या तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तो उठला. "मंडळी, व्हर्ना इतकी वर्षं मला हेच सुनावत होती. शेवटी पटलं, म्हणून तर आलो!"

एकूण एक हात त्याच्यासाठी वर गेला. वर त्याने मला मिठीही मारली मेल्याने.

घरी येताना ऑर्विल गाडी चालवता चालवता अजून हसत होता.

"काय बोललीस गं आज! एवढं झकास कधी बोलली नव्हतीस."

"पुरे."

"नाही, खरंच सांगतो. गेल्या खेपेला अशी बोलली असतीस ना, तर मत मी तुलाच दिलं असतं."