पहिली पन्नास

“पिल्लं दोन गटांत कशी वाटलीत?” आकडेवाल्या मॅडमनी विचारलं.

“रँडम,” साहेब म्हणाले. “डोळे झाकून म्हणा ना.”

दाराबाहेर पाण्याची भांडी घासणाऱ्या काटेबाईचा हात थांबला.

कोंबडी संशोधन केंद्रात तिने एकवीस वर्षं पिल्लांची वजनं केली होती, म्हणून काटेबाई. दीड वर्षापूर्वी पाहुण्यांना उकडतंय म्हणून साहेबांनी हीटर बंद करायला लावला, नि सकाळपर्यंत चाळीस पिल्लं मेली. अहवालात साहेबांनी लिहिलं, ‘वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.’ काटा गेला, भांडी आली. नाव तेवढं चिकटून राहिलं. कुणी हाक मारली की तिला अंगात कुसळ गेल्यासारखं व्हायचं.

“वहिनी, तू त्या साहेबाला दीड वर्ष शिव्या घालतेयस,” नणंद घरी म्हणायची. “आमच्या दादालासुद्धा एवढ्या घातल्या नाहीस.”

“तुझ्या दादानं माझ्याबद्दल कागदावर काही लिहिलं नव्हतं.”

आता साहेबांच्या नव्या खाद्याचा बोलबाला होता. ते खाणारी पिल्लं जुन्या खाद्यावरच्या पिल्लांपेक्षा सरासरी पावणेदोनशे ग्रॅमनी जास्त भरली होती. साहेब संचालक होणार हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या कचेरीने फक्त प्रयोग तपासायला या मॅडमना पाठवलं होतं.

काटेबाई ओल्या हातांनीच आत गेली.

“डोळे झाकून नाही, मॅडम. पिल्लं मी पकडलीत.”

“काटेबाई, भांडी झाली का?” साहेब म्हणाले.

“बोलू द्या त्यांना,” मॅडम म्हणाल्या.

“साहेब म्हणाले, पहिली पन्नास जुन्या खाद्याला, पुढची पन्नास नव्या खाद्याला. घाई होती त्यांना. मी म्हटलं, साहेब, आधी हाताला लागतात ती मंद असतात, चलाख पिल्लं कोपऱ्यात पळतात. तर म्हणाले, तू पकड, डोकं मी लावतो.” ती साहेबांकडे वळली. “मग मी पकडली. मुकाट्यानं.”

तेव्हा गप्प का बसलीस, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. तो किती उंच चढतोय ते तिला बघायचं होतं. खालच्या पायरीवरून पडणारा माणूस कपडे झटकून उठतो.

मॅडमनी चार दिवसांच्या चाळीस पिल्लांचं खोकं मागवलं. काटेबाईने त्यात हात घातला. पहिली वीस एका टोपलीत, उरलेली वीस दुसरीत. मॅडमनी स्वतः वजनं केली. पहिल्या टोपलीची सरासरी चौऱ्याहत्तर ग्रॅम. दुसरीची त्र्याऐंशी.

“आणि यांनी तर अजून वेगळा दाणाही खाल्लेला नाही,” काटेबाई म्हणाली.

“खाद्याची परीक्षा घ्यायची तर दोन गटांत फरक फक्त खाद्याचा हवा,” मॅडम साहेबांना म्हणाल्या. “तुमच्या गटांत पिल्लांची ताकदच वेगळी होती. वजन खाद्यानं वाढलं की त्या ताकदीनं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. प्रयोग पुन्हा करावा लागेल.”

साहेबांचे कान लाल झाले. काटेबाईने ते नीट, निवांत पाहून घेतलं.

या वेळी प्रत्येक पिल्लाच्या पायात नंबराचं कडं घातलं आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडले. कड्यांवर आणि पोत्यांवर नुसतं अ किंवा ब. कुठलं खाद्य कुठल्या पोत्यात ते मॅडमच्या बंद पाकिटात.

“वजनं काटेबाई करतील,” मॅडम म्हणाल्या.

दीड वर्षाने काटा हातात आला. पण पहिल्याच दिवशी ब पोत्याचं तोंड सुटलं आणि तिला वास आला. किंचित तेलकट, जळकट. साहेबांचं नवं खाद्य दळणाऱ्या यंत्राचा. तिने हे कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्याचं वजन. ती आकडा सांगत होती आणि टायपिस्ट लिहीत होता. काट्यावर दर पाच ग्रॅमला एक रेघ. सुई दोन रेघांच्या मधोमध थांबली की पिल्लू अ चं असेल तर ती वरची रेघ सांगे, ब चं असेल तर खालची. काय जातंय? कोण बघतंय? साहेब दाराशी उभे राहून आकडे ऐकत होते, आणि दर ब ला त्यांचा चेहरा उतरत होता. तिला गोड वाटत होतं.

“बाई,” टायपिस्टने नाक पुसत विचारलं, “सुई मधे असली की कुठला आकडा धरायचा असतो? नाही, उद्या माझ्यावर वेळ आली तर.”

त्याने साधंच विचारलं होतं.

हातातलं पिल्लू खाली ठेवून ती तडक मॅडमकडे गेली.

“ही वजनं फाडा. मला काट्यावरून काढा.”

“का?”

“ब म्हणजे नवं खाद्य. वासावरून कळतं मला. आणि तो माणूस हरायला हवाय मला.”

“म्हणून आकडे बिघडतील असं वाटतं?”

“बिघडलेत. बारा-तेरा तरी. हरायला तर हवाच तो. पण माझ्या बोटांनी नको. नाहीतर माझ्याबद्दल त्यानं लिहिलेलं खरं होईल.”

मॅडम म्हणाल्या, “चूक माझीही आहे. वजन करणाऱ्याला काही कळू नये, हे मी बघायला हवं होतं. कुणाला बसवू काट्यावर?”

“टायपिस्टला. त्याला बारमाही सर्दी आहे.”

सहाव्या आठवड्यात पाकीट उघडलं. दोन्ही गटांत फरक नऊ ग्रॅमचा. दोन किलोंवरच्या कोंबड्यांत एवढा फरक नुसत्या चिठ्ठ्यांनीही पडतो, असं मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, परत उलगडला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. संचालकपद गेलं, हे सांगायची कुणाला गरज नव्हती.

“अहवालात तुमचा उल्लेख करते,” मॅडम म्हणाल्या.

“माझा नको. त्या जुन्या अहवालातला तेवढा एक शब्द काढायला लावा.”

“तो अहवाल बंद झालाय, बाई. माझ्या हातात नाही.”

“बरं.”

मॅडमची गाडी गेली. काट्यापाशी टायपिस्ट शिंकत होता. कोंबड्या परत खुराड्यात सोडायच्या होत्या. काटेबाईने पायात ब चं कडं असलेली एक उचलली, दोन्ही तळव्यांवर घेतली आणि हात जरासे वरखाली केले.

“सव्वादोन किलो,” ती स्वतःशीच म्हणाली. काट्याकडे न बघता तिने कोंबडी आत सोडली आणि कडी लावली.