बतूलच्या हातचं

रमजानच्या आधीचा शाबानचा महिना अर्धा सरला की अतबरा गावात गल्लोगल्ली एकच वास भरतो. मोड आणून वाळवलेली ज्वारी दळायची, पिठात कालवून आंबवायची, त्यात आलं, दालचिनी, वेलदोडे, मेथ्या, काळं जिरं घालायचं आणि ते तापल्या तव्यावर पातळ पसरायचं. त्याचे तांबूस पापुद्रे निघतात. रमजानात ते पाण्यात भिजवून, गाळून, साखर घातली की हिलू-मुर तयार. दिवसभराच्या उपासानंतर त्याचा एक पेला पोटात गेला की आडवा पडलेला माणूस उठून बसतो.

इन्साफचं मात्र त्या वासानेच डोकं उठायचं.

कारण त्या वासापाठोपाठ बतूलचं गाठोडं यायचं. बतूल ही तिच्या नवऱ्याची, बाबिकिरची, पहिली बायको. शिवाय त्याची सख्खी चुलत बहीणही. मूल होईना म्हणून बाबिकिरच्या आईने तलाक घडवून आणला आणि इन्साफ या घरात आली. तिला दोन मुलं झाली, सासू समाधानाने गेली, घर सगळं इन्साफच्या हातात आलं. पण नातं थोडंच तुटतं? बतूल भावाच्या घरून साऱ्या भाऊबंदांत हिलू-मुरची गाठोडी वाटायची, तशी इथेही पाठवायची. नको म्हणायला जागाच नव्हती.

गेल्या रमजानात पहिल्याच दिवशी गल्लीतले पुरुष नेहमीसारखे दारापुढच्या चटयांवर उपास सोडायला बसले होते. बाबिकिरने पेला तोंडाला लावला, डोळे मिटले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बतूलच्या हातचं आहे! लगेच कळतं."

दाराआड उभ्या असलेल्या इन्साफच्या अंगाची लाही लाही झाली. तिने रांधलेल्या कालवणाबद्दल, तिने भाजलेल्या पापुद्र्यासारख्या पातळ किसरा भाकरीबद्दल हा माणूस कधी डोळे मिटून बोलला नव्हता. 'बरं झालंय' म्हणायचा, तेही विचारलं तर.

म्हणून यंदा तिने आधीच जाहीर केलं, "हिलू-मुर मी घरी करणार."

"कशाला उगाच त्रास?" बाबिकिर बूट काढता काढता म्हणाला. "बतूल पाठवतेच की."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी भिजत पडली.

शेजारच्या सित्तना खालाला तिने मदतीला बोलावलं. म्हातारी दातांनी अधू, पण जिभेने तिखट. ओल्या गोणपाटाखाली मोड डोकावले तेव्हा इन्साफ दिवसातून कितीदा तरी गोणपाट उचलून बघायची.

"अगं, झाक ते," खाला म्हणाली. "तुझी नजर लागून जळतील बिचारे. ज्वारीशी तुझं काय वैर आहे? की आणखी कुणाशी?"

"मला काही कुणाशी करायचं नाही."

"तर तर! म्हणून तर दात-ओठ खात वेलदोडे कुटतेयस."

मोड वाळले, पीठ छान आंबलं. तवा मांडायच्या दिवशी गल्लीतल्या बायका कॉफीची सुरई घेऊन हजर झाल्या. पहिला पळीभर घोळ तव्यावर पडला. इन्साफने खजुराच्या पातीने तो ओढला, तर मधे भोक आणि कडेला ढीग. दुसरा करपला. तिसरा तव्याला असा चिकटला की खरवडून काढावा लागला. बायका सल्ले देत होत्या. तेवढ्यात एकीच्या तोंडून निघून गेलं, "बतूलचे कसे कांद्याच्या सालीसारखे सुटतात, नाही?"

इन्साफने पात खाली आपटली. "मग जा ना तिच्याकडे! इथे काय तमाशा बघायला आलात?"

बायका अंगाभोवती गुंडाळलेली आपापली तोबं सावरत उठल्या. खाला तेवढी बसून राहिली. "अर्धं पातेलं शिल्लक आहे," ती शांतपणे म्हणाली. "ते कुणावर फेकणार आहेस?"

इन्साफ उठली. काजळी लागलेल्या हातांनी तोब डोक्यावर ओढलं आणि तरातरा निघाली. आज सोक्षमोक्ष लावायचा. तोंडावर सांगायचं: यापुढे आमच्या घरी काही पाठवू नकोस.

बतूलच्या भावाच्या अंगणात शिरताना तिला पहिली गोष्ट जाणवली ती ही, की इथे वासच नव्हता. चूल थंड होती. आत पलंगावर बतूल बसली होती आणि डाव्या हाताने कापडात पापुद्रे बांधत होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. शेजारी रिकामी कागदी पिशवी. बाजारातल्या मसालेवाल्याच्या दुकानाचं चित्र तिच्यावर ठळक होतं.

बतूलने पिशवी उशीखाली सरकवायला हात नेला, पण उशीर झाला होता.

"ये, इन्साफ. बस."

"हे विकतचं आहे?"

बतूल गाठ मारायचा प्रयत्न करत राहिली. एका हाताने ती बसेना. "खांदा धरलाय. हात वर जात नाही. गेल्या वर्षीही गेला नव्हता आणि त्याच्या आदल्या वर्षीही नाही."

इन्साफला आधी कळेचना. मग कळलं, आणि छातीत एक उकळी फुटली. म्हणजे गेल्या वर्षी डोळे मिटून तो जे प्यायला ते मसालेवाल्याचं होतं! आत्ता जावं, बाबिकिर कामाला असतो त्या वर्कशॉपच्या फाटकाशी उभं राहावं आणि चार माणसांत सांगावं. तिला हसू यायला लागलं. पण ते ओठांपर्यंत येता येता विरलं. दुकानातल्या पापुद्र्यांवरही याचे डोळे मिटत असतील, तर ते चवीने मिटत नव्हते. नावानेच मिटत होते. ते तर जास्तच झोंबलं.

"बाबिकिरला सांगू नकोस," बतूल म्हणाली. "बाकी कुणाला सांग. वर्षातून एकदा त्या घरात माझ्या नावाने काहीतरी जातं, तेवढंच."

"आमच्या घरात," इन्साफ म्हणाली.

"हो. तुमच्या घरात."

बतूलची नजर इन्साफच्या काळ्या बोटांवर गेली.

"चिकटतंय का?"

"चिकटतंय, फाटतंय, करपतंय. सगळं करून झालं."

"जाळ मोठा ठेवला असशील. आणि मनगटाने ओढत असशील. खांद्यापासून ओढायचं असतं, एका दमात." एवढं बोलून बतूलने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "तिथेच तर माझं अडलं."

इन्साफ उठली. दारापर्यंत गेली आणि वळून, जवळजवळ भांडणाच्या सुरात म्हणाली, "चल. अर्धं पातेलं आहे. तू सांग, मी ओढते."

तलाकनंतर बतूल त्या घरात पहिल्यांदाच आली. उंबऱ्यात क्षणभर घुटमळली. सित्तना खालाने दोघींना एकत्र पाहिलं आणि टोमणा न मारता बतूलसाठी तव्याजवळ जागा केली.

"जाळ कमी कर. तवा तेलाने पूस. आता ओत. ओढ! थांबू नकोस मधे. अगं, भितेस काय, तो काय चावतोय?" बतूल सांगत होती.

दोन फाटले. तिसरा सुटला. पातळ, तांबूस, अख्खा. इन्साफने तो उजेडासमोर धरला आणि तिच्याही नकळत बतूलकडे पाहिलं. पण बतूलचं लक्ष तव्याकडे नव्हतंच. इन्साफची धाकटी लेक घामेजून बाहेरून आली होती आणि आईच्या पाठीला लटकली होती. बतूल तिच्याकडे बघत होती. ती नजर इन्साफला ओळखीची वाटली. अशाच नजरेने ती स्वतः दरवर्षी त्या गाठोड्याकडे बघत आली होती.

तिने पोरीला पाठीवरून उतरवलं नाही. पुढे बतूलकडे पाठवलंही नाही.

सगळं पीठ संपल्यावर तिने पापुद्र्यांचे दोन भाग केले. "एक तुझ्या गाठोड्यात बांध," ती म्हणाली, "आणि पाठव. दरवर्षीसारखं."

रमजानचा पहिला दिवस. उपास सोडायच्या तोफेचा आवाज व्हायच्या आधी इन्साफने बाबिकिरच्या हाती ताट दिलं, त्यावर दोन सुरया. "ही बतूलकडची, ही माझी," तिने मुद्दाम सांगितलं. दोन्हींत एकाच पातेल्यातलं, तिच्याच हातांनी ओढलेलं होतं. मग ती दाराआड जाऊन उभी राहिली.

पहिल्या पेल्यानंतर बाहेरून आवाज आला, "वा! बतूलच्या हातचं ते बतूलच्या हातचं."

"आणि वहिनींनी केलेलं?" शेजाऱ्याने विचारलं.

घोट घेतल्याचा आवाज. "चांगलं आहे. शिकतेय अजून. आलं जरा जास्त झालंय."

इन्साफने दाराची कडी इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठले. एक शब्द बोलली असती तर गल्लीभर हशा झाला असता. तो शब्द जिभेवर आला आणि तिने गिळला. बतूलसाठी गिळला असं तिला स्वतःलाही म्हणता आलं नसतं. आपल्या नवऱ्याला चवीची जीभच नाही हे लोकांना कळू नये, असंही असेल.

दुसऱ्या दिवशी ती बतूलकडे गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. आल्याचं ऐकून बतूलला हसू आवरेना. "तो असाच! माझ्या वेळी म्हणायचा, आईच्या हातची सर नाही!" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बतूलने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "पण पहिल्या पेल्याला नक्की काय म्हणाला? परत सांग."

इन्साफने परत सांगितलं. बतूलच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून इन्साफला पुन्हा तोच जुना काटा टोचला. ती लगेच उठली. स्वयंपाक पडलाय म्हणाली.

पुढच्या शाबानला बतूलला बोलवायला ती स्वतः गेली, आणि त्यानंतरही दरवर्षी जात राहिली. तिचे पापुद्रे गल्लीत नावाजले गेले. बायका शिकायला येऊ लागल्या. बतूलसाठी ती चांगली कॉफी करायची, बसायला मऊ गादी घालायची. गादी मात्र न चुकता अशी घालायची, की कामावरून आलेल्या बाबिकिरला दारातून बतूलची फक्त पाठ दिसावी.