नखाच्या विटा

"हात काढ तिथला! तुझ्या आईनं कालच केलंय ते," बाबा खेकसले.

लेकीनं टेबलावरच्या फोमच्या भिंतीवरून हात काढला. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

बाबांनी जन्मभर शीतगृहांच्या भिंतींना फोमचे गुलाबी तक्ते बसवले आणि उरल्या तुकड्यांतून जगातल्या निम्म्या लढायांची रणांगणं कोरली. टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडून लढणारे हौशी लोक त्यांच्याकडून टेकड्या, खिंडी, पडके किल्ले घेऊन जात. तापल्या तारेनं फोम कापायचे बाबा; विटा मात्र आईच्या. अंगठ्याच्या नखानं ती एकेक वीट दाबून उठवायची. फोम मोठा डूख धरणारा. नख लागलं की खूण जन्माची.

"दुपारी माझा डोळा लागला की येते. चार ओळी करते न् जाते. मला उठवतसुद्धा नाही."

"झोपेत तुम्हीच करत असाल, बाबा."

"मी? कशानं?" तार आणि गोंदानं पार मांसापर्यंत खाल्लेली नखं त्यांनी तिच्यासमोर नाचवली.

"ते काही नाही. चारला टॅक्सी येतीये. आता माझ्याकडेच राहायचं."

"आज ती आली नाही, तर येतो. निमूट."

कोरी भिंत टेबलावर ठेवून बाबा कलंडले आणि घोरू लागले. लेक शेजारीच पहारा देत बसली. तीन वाजले, साडेतीन झाले. कोणी आलं नाही. पैज ती जिंकली होती. पण जागं होऊन कोरी भिंत बघणारे बाबा तिच्या डोळ्यांसमोर आले आणि तिचा धीर सुटला. वरच्या तीन ओळी तिनं घाईघाईनं नखानं दाबल्या.

बाबांनी उठून चष्मा लावला. "ह्या तीन तुझ्या."

"कशावरून?"

"सांध्यावर सांधा आलाय. अशी भिंत उभी राहते होय? तुझी आई मेली तरी असं करायची नाही. ही खालची बघ."

तळाशी चौथी ओळ होती. प्रत्येक सांधा नीट चुकवलेला, विटा एकसारख्या. लेकीनं तिथं बोटही लावलं नव्हतं.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. लेकीनं खिडकीतून हात हलवून गाडी परत पाठवली.

"बाबा, सांधा कसा चुकवायचा ते दाखवा."

टेबलापाशी एक खुर्ची रिकामी होती. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं.