भरलेली गाडी

"वाट द्या रे, वाट द्या! माझी पन गाडी भरलेलीच हाय!"

हा मॅग्डलीनच्या बापाचा आवाज. बाप जाऊन किती पावसाळे झाले, पण आवाज काही गेला नाही.

तेव्हा ती परकरी पोर होती. वटारहून बैलगाडीत आयला वसईच्या दवाखान्यात नेत होते. आय बाळंतपणात अडली होती, खालचा पेंढा भिजून लाल झाला होता. पहाट फुटायची होती. सांडोरच्या अरुंद रस्त्यात, दोन्ही बाजूंच्या निवडुंगामध्ये, समोरून सोपाऱ्याच्या बाजाराला निघालेली केळ्यांची गाडी आली. त्या रस्त्याचा एक जुना कायदा होता. गाड्या समोरासमोर आल्या की रिकामीनं मागं जायचं, भरलेलीनं पुढं. केळ्यांच्या घडांमागून एक तरणा आवाज म्हणाला, "भरलेली गाडी मागं जात नाही." त्या आवाजात थोडं हसू होतं. बाप ओरडला, विनवू लागला. शेवटी त्यानंच बैल सोडले आणि छातीनं रेटत गाडी मागं नेली. तेवढ्यात मॅग्डलीनच्या मनगटावरची आयची बोटं सैल पडली.

पुढं मॅग्डलीन त्याच सांडोरात ऑगस्टीनची नवरी होऊन आली. बँडबाजा रस्त्यात शिरला आणि समोरून एक गाडी आडवी आली. ऑगस्टीनचा थोरला भाऊ बॅप्टिस्ट कोट सावरत पुढं धावला. "मागं घे रे गाडी! भरलेली असू दे नाहीतर रिकामी, मागं घे! आमची नवरी येतेय!" सगळे हसले. मॅग्डलीननं मात्र मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. आवाज तोच होता.

तिनं कोणाला सांगितलं नाही. ऑगस्टीनला भावाशिवाय घास उतरत नसे. सांगून आय परत येणार नव्हती, घर मात्र फुटलं असतं. बॅप्टिस्टदादाच्या ओट्यासमोरच्या विहिरीवर ती पाणी भरी, आणि दोर सोडताना गुणगुणे:

वाटेवरल्या विहिरी, तुझं पाणी गं किती खोल
माझ्या आयच्या गळ्याचा तळी राहिला गं बोल

"मॅग्डलीन, गळा गोड गं तुझा," ओट्यावरून बॅप्टिस्ट म्हणे. ती पदर सावरून घागर उचली.

मग साल एक्क्याऐंशी उजाडलं आणि रस्ता आला. म्हणजे नकाशात आला. हायवेचा फाटा वाढवून थेट समुद्रापर्यंत न्यायचा, मध्ये नाका बसवायचा, टोल घ्यायचा. तो जाणार होता ऑगस्टीनच्या केळीच्या वाडीतून. नाहीतर आहे तोच जुना रस्ता दोन्ही अंगांनी रुंद करायचा. त्यात बॅप्टिस्टचा ओटा, विहीर आणि अर्धी पडवी जाणार होती. वाटणीत थोरल्याला रस्त्यावरचं घर मिळालं होतं, धाकट्याला मागची वाडी. एकाचं वाचलं की दुसऱ्याचं जाणार.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पटांगणात सभा भरली. रस्त्याच्या मोजणीसाठी आलेल्या साहेबानं टेबलावर नकाशा पसरला.

"टोल भरून कोण जाणार, साहेब?" ऑगस्टीन उठला. "मुंबईचे गाडीवाले. आमची केळी काय पाकीट घेऊन नाक्यावर उभी राहणार?"

लोक हसले.

"हसा," बॅप्टिस्ट म्हणाला. "उद्या माझ्या ओट्यावर ट्रक झोपतील तेव्हा उशी द्यायला या."

"ओटा परत बांधता येतो, दादा. उभी वाडी परत कुठून आणू?"

बॅप्टिस्टचा मुलगा आग्नेल भिंतीला टेकून उभा होता. अंगानं दणकट, डोक्यानं तापट. तो म्हणाला, "उभी आहे हीच अडचण ना, काका? मग आडवी करतो."

ऑगस्टीननं त्याच्या कानाखाली जाळ काढला. आग्नेलनं काकाची गळपट्टी धरली. खुर्च्या उडाल्या, टेबल कलंडलं, नकाशा पायांखाली फाटला. कुणाचा तरी दात मातीत पडला आणि कोंबडीनं दाणा समजून त्याला चोच मारली. फादरनं घंटा बडवायला लावली तेव्हा कुठं हात थांबले. साहेब जीपमध्ये चढता चढता सांगून गेले, "आधी जुना रस्ता मोजू. बुधवारी सकाळी येतो."

मंगळवारी बॅप्टिस्टनं बापाच्या वेळची बैलगाडी गोठ्यातून ओढून काढली. ती घरासमोर रस्त्यात आडवी लावली, दगडांनी काठोकाठ भरली आणि चाकांखाली धोंडे सारले. "आता आणा म्हणावं जीप."

बुधवारी सकाळी मॅग्डलीन वाडीत गेली आणि बांधावरच खिळली.

वाडी नव्हतीच. कंबरेएवढे बुंधे उभे होते, पांढरे, ओले, पाणी गाळत. पानांचा खच पडला होता. घड फुटून चिखलात पडले होते. त्यांच्यावर कोणी पाय देऊन नाचलं होतं. पोटात केळफूल असलेली केळसुद्धा सोडली नव्हती. मॅग्डलीननं एका बुंध्यावर हात ठेवला. लेकराच्या मानेवर ठेवावा तसा.

पाटाच्या कडेला आग्नेल कोयता धूत बसला होता. पळूनही गेला नव्हता. सदरा केळीच्या चिकानं डागाळला होता.

"काय, काकी? आता रस्ता इथूनच. मोकळंच रान आहे."

मागून ऑगस्टीन आला. खाली वाकून त्यानं एक घड उचलला आणि तसाच आग्नेलच्या तोंडावर हाणला. आग्नेल पाटात पडला. ऑगस्टीन त्याच्या छातीवर बसला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं पाण्याखाली दाबू लागला. बुडबुडे आले. मॅग्डलीन किंचाळली, "मरेल तो! सोडा!" ऑगस्टीनचे हात सैल झाले, आणि त्याच क्षणी पाण्यातून कोयता वर आला. ऑगस्टीनच्या मांडीत उतरला. आग्नेलनं तो ओढून काढला तेव्हा रक्ताची चिळकांडी उडाली.

आग्नेलनं रक्ताकडं पाहिलं, कोयता टाकला आणि रडत पळाला.

मॅग्डलीननं लुगड्याचा पदर फाडून मांडी करकचून बांधली. शेजारच्या फर्डिनंडनं भाजीची मॅटॅडोर आणली. टोपल्या रस्त्यावर फेकल्या आणि ऑगस्टीनला आत घातलं. मॅग्डलीननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी वसईच्या वाटेला लागली आणि बॅप्टिस्टच्या घरासमोर करकचून थांबली.

समोर दगडांनी भरलेली बैलगाडी. तिच्या पलीकडं, वळणावर, मोजणीची जीप उभी. ओट्यावर बॅप्टिस्ट, मांडीवर कोयता.

"दादा, गाडी काढ!" फर्डिनंड ओरडला. "ऑगस्टीनला लागलंय!"

"लागलंय की लावून आणलंय?" बॅप्टिस्ट जागचा हलला नाही. "गाडी हलली की जीप आत. मला काय दूधखुळा समजता?"

"अरे, रक्त बघ!"

"त्याला उचला आणि पलीकडून पायी न्या. जीपवाले नेतील."

"पायी नेईपर्यंत माणूस रिकामा होईल!" फर्डिनंडनं बैलगाडीच्या साटीला हात घातला. बॅप्टिस्टनं उतरून कोयता फर्डिनंडच्या बोटांपासून वीतभर अंतरावर लाकडात रुतवला. फर्डिनंड मागं सरला. रस्त्यावर माणसं जमली, पण पुढं कोणी येईना.

मॅटॅडोरच्या आत पदराची गाठ लाल झाली होती. ऑगस्टीनची बोटं मॅग्डलीनच्या मनगटावर होती. "दादा आलाय?" त्यानं विचारलं. "दादा करेल काहीतरी." आणि बोटं थोडी सैल झाली.

मॅग्डलीननं त्याचं डोकं हलकेच टोपलीच्या फडक्यावर ठेवलं. ती खाली उतरली. हात कोपरापर्यंत लाल होते, पोलक्यावर केळीचा चीक. ती बैलगाडीपाशी आली. बॅप्टिस्टच्या समोर, इतकी जवळ की त्याला तिचा श्वास लागावा.

"मॅग्डलीन, तू मध्ये पडू नको," तो म्हणाला. "एवढा दगड भरलाय. भरलेली गाडी आता मागं..."

"पुरं करा, दादा. मागं जात नाही. असंच म्हणाला होतात."

"कधी?"

"ह्याच रस्त्यात. पहाटे, केळी घेऊन सोपाऱ्याला निघाला होतात तेव्हा. समोर वटारची गाडी होती आणि एक माणूस विनवत होता."

बॅप्टिस्टचा कोयत्यावरचा हात थांबला. त्याला आठवलं, हे तिला दिसलं.

"तो माझा बाप. गाडीत माझी आय होती. माझ्या मांडीवर मेली ती, दादा, तुमची केळी पुढं जाईपर्यंत. मी नवरी होऊन ह्या दारात आले त्याच दिवशी तुमचा आवाज ओळखला. तुमच्या विहिरीचं पाणी प्यायले, तुमच्या पोरांना जेवू घातलं, आणि तुमच्या भावालासुद्धा कळू दिलं नाही. आज सांगते. माझी पण गाडी भरलेलीच आहे."